ग्रासकटर आणि लॉन मोवरच्या प्लास्टिक टाकीतला गाळ कसा काढायचा

जून-जुलैत द्राक्षबागेच्या ओळींमध्ये गवत गुडघ्याला लागतं आणि सहा-सात महिने शेडमध्ये पडून असलेलं ग्रासकटर बाहेर निघतं. चार दोऱ्या ओढल्यावर ते चालू होतं, दोन मिनिटं चालतं आणि बसतं. मग लोक थेट कार्बोरेटर खोलायला जातात. थांबा. कार्बोरेटरमध्ये जो कचरा सापडतो तो बहुतेक वेळा टाकीतून आलेला असतो. टाकी तशीच ठेवून कार्बोरेटर धुतला तर आठ-पंधरा दिवसांत तेच दुखणं परत येतं.

हा लेख पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी आहे. तासगाव, पलूस, मिरज भागात बागेत वापरतात ते खांद्यावरचं ग्रासकटर समोर धरून पायऱ्या दिल्या आहेत. पाचगणी-महाबळेश्वरकडे शाळांच्या आणि हॉटेलांच्या हिरवळीवर चालणाऱ्या लॉन मोवरमध्ये जे वेगळं करावं लागतं ते शेवटाकडे सांगितलं आहे.

दोष टाकीचाच आहे का?

आधी झाकण तपासा. मशीन बंद पडायला लागलं की झाकण अर्धा फेरा सैल करा. लगेच सुधारलं तर टाकीत गाळ नाही, झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत ओढ बसते आणि पेट्रोल येणं थांबतं. झाकण साबणपाण्याने धुवून छिद्र मोकळं करा, काम संपलं.

झाकण सैल करूनही फरक पडत नाही, रेस दिली की इंजिन मरतं आणि अर्धा चोक ओढला की कसंबसं चालतं, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. आता कार्बोरेटरखालचा पारदर्शक रबरी बल्ब दाबून पाहा. दाबलेला बल्ब आतच चिकटून राहिला, वर यायला वेळ लागला, तर टाकीतला फिल्टर तुंबलाय. बल्ब झटकन वर येतो पण त्यात नुसते बुडबुडे दिसतात, तर नळीला चीर गेली आहे. दोन्ही वेळा टाकी उघडावीच लागते.

सुरुवातीआधी सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि थंडीच्या पहाटेसुद्धा पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल तिथे करा. बोअरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीजवळ अजिबात नको, कारण मोटार चालू-बंद होताना पेटीत ठिणगी पडते. ऑटो स्टार्टर असेल तर लाईट आल्याक्षणी ती पडते. चूल, गॅस, देवघरातला दिवा, विडी-सिगारेट यांपासूनही लांब.

इंजिन बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला वळवून ठेवा आणि टाकी परत बसेपर्यंत दोरी ओढू नका.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय अनेकांना आहे. ती सोडा. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलंच तर उलटी करायला लावू नका, कारण उलटीच्या वेळी ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. सरळ दवाखाना गाठा.

व्हॅक्यूम क्लीनरने टाकीतला कचरा ओढायचा प्रयत्न कधीही करू नका. त्याच्या मोटारीत ठिणग्या असतात आणि तुम्ही तिला पेट्रोलची वाफ पाजत असता. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवाही पेट्रोलचा वास येणाऱ्या टाकीत मारायची नाही.

काय काय लागेल

रुंद तोंडाची काचेची बरणी, पारदर्शक हवी. जाळी असलेलं नरसाळं. ॲलन चाव्या, बहुतेक टाक्यांना ४ किंवा ५ मिमीची लागते. लांब चोचीची पक्कड. टोक वाकवून आकडा केलेली तार, सायकलची जुनी स्पोक यासाठी उत्तम. भांडी घासायचा लिक्विड साबण, कोमट पाणी, एम-६ मापाचे १५ स्वच्छ नट, छोटं लोहचुंबक, टॉर्च आणि पेट्रोल सोसणारे रबरी हातमोजे. फिल्टर आणि दोन्ही नळ्या नव्या आणून ठेवा. जुना तुकडा दुकानात घेऊन गेलात तर माप चुकत नाही. ग्रासकटरच्या नळ्यांचं आतलं छिद्र साधारण अडीच ते तीन मिमी असतं आणि अर्ध्या मिमीच्या फरकानेही नळी सैल बसते.

पेट्रोल काढा आणि गाळ वाचा

झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतीची माती आणि गवताचा भुगा ब्रशने काढून टाका. नाही तर साफ करताकरता आणखी कचरा आत पडतो. मग टाकी हलकेच फिरवून गाळ तरंगता करा आणि पेट्रोल नरसाळ्यातून बरणीत ओता. ग्रासकटरची टाकी लहान असते, होंडाच्या जीएक्स-३५ इंजिनाची ६३० मिली आहे, त्यामुळे एक लिटरची बरणी पुरते. बरणीवर झाकण ठेवून अर्धा तास हलवू नका.

पुढची दहा मिनिटं या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची आहेत. प्लास्टिकची टाकी गंजत नाही, तिचा पापुद्रा सुटत नाही. म्हणजे आतला प्रत्येक कण बाहेरून किंवा नळीतून आलेला आहे. तो कुठून आला हे कळलं तरच टाकी पुढचे दोन-चार हंगाम साफ राहील.

लालसर-तपकिरी बारीक कण असतील तर बरणीच्या बाहेरून चुंबक फिरवा. कण चुंबकामागे ओढले गेले तर तो गंज आहे, आणि तो तुमच्या लोखंडी कॅनमधून येतोय. टाकी धुवा, पण कॅनही बदला.

काळे मऊ कण, बोटांत चुरले की काजळीसारखा डाग पाडणारे, हे नळीचं रबर आहे. नळी आतून सुटत चालली आहे. बाहेरून ती धडधाकट दिसत असली तरी भुलू नका, दोन्ही नळ्या बदला. नळी जिथून टाकीत शिरते ते रबरी बूचही तपासा.

गवताच्या काड्या, पानांचा भुगा, माती म्हणजे पेट्रोल भरताना झाकण न पुसता उघडलंय, किंवा नरसाळं बांधावर पडलेलं होतं. बागेत गंधकाची धुरळणी चालू असताना टाकी उघडी राहिली तर पिवळी भुकटीही सापडते. ही पेट्रोलमध्ये फारशी विरघळत नाही, फिल्टरच्या वाटीला लेप देऊन बसते.

पांढरे तंतू दिसले तर पेट्रोल जुन्या सुती फडक्यातून गाळलं गेलंय. हेतू चांगला, पण फडक्याचे धागे सुटतात आणि फिल्टरवर गुंडाळतात. गाळायला बारीक स्टीलची जाळीच हवी.

नव्या मशीनमध्ये कधीकधी प्लास्टिकच्या पातळ तारा मिळतात. झाकणाचे आटे वाकडे चढवले की असे किस निघतात.

मधासारखा चिकट थर आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर पेट्रोल महिनोन् महिने उभं राहून आटलंय. हा चिकटा साबणाला दाद देत नाही, त्याचा उपाय पुढे आहे.

आणि बरणीच्या तळाशी वेगळा थर किंवा गोळ्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी. याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि २०२५ मध्ये देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. काही मर्यादेपर्यंत ते पाणी धरून ठेवतं, पण पाणी त्यापुढे गेलं किंवा थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि वर राहतं ते उरलेलं पेट्रोल. फिल्टर टाकीच्या तळालाच असतो, त्यामुळे इंजिनाला आधी हा खालचा थरच मिळतो. असं पेट्रोल हलवून किंवा त्यात ताजं मिसळून सुधारत नाही, ते काढूनच टाकावं लागतं. टू-स्ट्रोक मशीनमध्ये, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात त्यात, त्या थरात पुरेसं ऑइल नसतं, म्हणून तिथे चालढकल केली तर पिस्टनला ओरखडे पडतात. अनेक जुन्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. रबराच्या नळ्या वरचेवर का बदलाव्या लागतात याचं एक कारण हेच.

टाकी उतरवणे

टाकी न उतरवता आतला कचरा चिमट्याने वेचता येतो, पण कोपऱ्यातला गाळ तसाच राहतो. बोल्ट दोन-चारच असतात, उतरवाच.

१. नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. ज्या नळीच्या टाकीतल्या टोकाला फिल्टर आहे ती कार्बोरेटरला पेट्रोल नेते, तिच्यावर लाल दोरा बांधा. दुसरी, बल्बकडून जादा पेट्रोल परत आणणारी, तशीच ठेवा. जोडताना या दोन उलट झाल्या की बल्ब पेट्रोल ओढत नाही, उलट टाकीत हवा सोडतो. नवख्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

२. नळी कार्बोरेटरकडून सोडवा. सरळ ओढू नका, आधी थोडी पिळून सैल करा. कार्बोरेटरची नळी जोडायची पितळी चोच ठिसूळ नसली तरी ती घट्ट ठोकून बसवलेली असते आणि हिसक्याने उपटून येऊ शकते.

३. तारेच्या आकड्याने टाकीच्या तोंडातून फिल्टर बाहेर ओढा आणि नळीपासून वेगळा करा.

४. बोल्ट काढून टाकी खाली घ्या. बोल्टखाली रबरी वॉशर असतील तर ते जपून ठेवा. ते नसतील तर कंपनाने टाकीचे कान तडकतात.

५. नळ्या बदलायच्या असतील तर रबरी बूचही काढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, भोकाची कड चिरली तर तिथून कायम पाझर लागतो.

झाकण उघडं ठेवून टाकी तासभर सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

धुणे

चिकटा असेल तर त्याचा बंदोबस्त आधी. टाकीत १०० ते १५० मिली ताजं पेट्रोल घाला, झाकण लावा, बूच काढलं असेल तर ते भोक चांगलं बंद करा, आणि चार-सहा तास ठेवा. तासाभराने बाजू पालटत राहा, म्हणजे सगळीकडचा थर भिजेल. ओतून द्या, पुन्हा एकदा करा. या वेळी आत नट घालायचे नाहीत आणि जोरात खळखळवायचंही नाही. दोन-तीन वेळा करूनही जो पिवळा डाग उरेल तो राहू द्या. घट्ट बसलेला डाग सुटत नाही म्हणून तो अडचणही करत नाही. त्याच्यापायी थिनर वापरायचा मोह टाळा. थिनरने रबरी बूच फुगतं, बल्ब कडक होतो, आणि टाकीवरच्या खुणाही पुसल्या जातात.

पेट्रोल पूर्ण ओतून, टाकी पुन्हा तासभर वाऱ्यावर ठेवल्यावर साबण. टाकीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण २०० मिली कोमट पाणी, हाताला सोसेल इतपतच गरम. उकळतं पाणी नको, त्याने टाकी वेडीवाकडी होऊ शकते आणि उरलेलं पेट्रोल एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. त्यात एक चमचा लिक्विड साबण आणि ते १५ नट. नट मोजून टाका, मोजून काढा. त्यापेक्षा बरं म्हणजे नट तंगुसात ओवून माळ करा आणि तंगुसाचं टोक झाकणाबाहेर ठेवा, मग एकही नट आत राहत नाही. झाकणातून थोडं साबणपाणी गळेल, गळू द्या. खडी किंवा वाळू वापरू नका. ती प्लास्टिकवर ओरखडे काढते आणि तिचे कण कोपऱ्यात अडकून नवा गाळ होतात. तांदूळही नको, ओला होऊन फुगतो.

टाकी सगळ्या अंगांवर फिरवत तीन-चार मिनिटं हलवा. जिथे नट पोचत नाहीत त्या गळ्याच्या मागच्या भागात बाटली धुवायचा लवचिक ब्रश फिरवा. पाणी काचेच्या बरणीत ओतून बघा. गढूळ असेल तर पुन्हा. तीन वेळांत बहुतेक टाक्या साफ होतात. मग साध्या पाण्याने फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळून घ्या, चार-पाच वेळा तरी. साबणाचा थर उरला तर तोच फिल्टरला चिकटतो.

टॉर्च टाकीच्या बाहेर टेकवून आतून बघा. प्लास्टिक अर्धपारदर्शक असल्याने राहिलेला कण सावलीसारखा दिसतो.

वाळवणे

इथे घाई झाली की सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण एक चमचाभर पाणीसुद्धा मशीन बंद पाडायला पुरेसं असतं. टाकी तोंड खाली करून ठेवा, अधूनमधून झटका. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात तीन-चार तास पुरतात. पावसाळ्यात, त्यातून पाचगणी, पाटण, जावळीसारख्या दमट ठिकाणी, घरात पंख्याखाली रात्रभर ठेवा. पेट्रोलचा वास पूर्ण गेला असेल तरच पंखा.

वाळल्यासारखी वाटली तरी शेवटची खात्री करा. ५० मिली ताजं पेट्रोल घालून टाकी हळू फिरवा आणि धुतलेल्या, कोरड्या बरणीत ओता. तळाशी मण्यासारखा थेंब घरंगळताना दिसला तर आत अजून पाणी आहे, पुन्हा वाळवा. थेंब नसेल तर टाकी तयार.

फिल्टर, नळ्या आणि जोडणी

नमद्यासारख्या दाट कापडाचा फिल्टर धुवून वापरू नका. वरचा कचरा निघतो, आतला नाही. नवा बसवा. नुसत्या जाळीचा फिल्टर मात्र धुवून चालतो, जाळी फाटलेली नसली तर.

नवी नळी बुचातून घालताना तिचं टोक लांब तिरकं कापा. ते टोक बुचातून आत सारा, टाकीच्या तोंडातून पकडीने ओढून घ्या आणि बाहेर आल्यावर तिरका भाग सरळ कापून फिल्टर चढवा. आतली लांबी नेमकी हवी. मशीन कसंही कललं तरी फिल्टर खालच्या कोपऱ्यापर्यंत लोळत पोचला पाहिजे, पण नळी इतकी लांब नको की ती दुमडेल. बूच बसवायला ग्रीस लावू नका, पेट्रोलचा ओला हात फिरवला की ते सरकतं.

नळ्या जोडा, दोऱ्याची खूण बघा, टाकी रबरी वॉशरसह बसवा. बोल्ट प्लास्टिकवर कसायचे आहेत, चावी अडल्यावर आणखी जोर लावू नका. टाकीच्या गळ्यात जाळी असायला हवी. अनेकांनी ती पेट्रोल हळू जातं म्हणून काढून टाकलेली असते. ती असेल तर धुवून परत बसवा.

१०० मिली पेट्रोल भरा, मशीन चारही बाजूंना कलवा, बुचाभोवती कोरडा कागद गुंडाळून दहा मिनिटं थांबा. कागद ओला झाला तर बूच नीट बसलेलं नाही. कोरडा राहिला तर सांडलेलं पेट्रोल पुसा, मशीन भरल्या जागेपासून तीन-चार मीटर लांब न्या, प्लगची टोपी लावा. बल्बमध्ये पेट्रोल भरून दिसेपर्यंत दाबा, आठ-दहा दाब लागतील. मग नेहमीप्रमाणे चोक आणि दोरी. पूर्ण रेसवर पाच मिनिटं न अडखळता चाललं की टाकीचं काम झालं. अजूनही अडखळत असेल तर आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही.

लॉन मोवर असेल तर

लॉन मोवरची टाकी इंजिनाच्या वर किंवा बाजूला असते आणि पेट्रोल आपोआप खाली उतरतं. टाकीच्या तळाशी नळी जोडायची चोच असते आणि बऱ्याच टाक्यांत तिच्या मुळाशीच बारीक जाळी ओतीव असते. गाळ तिथेच साचतो. ही जाळी टाचणीने टोचू नका, ती फाटली की टाकीच बदलावी लागते. नळी काढून बाहेरच्या बाजूने साबणपाणी पिचकारीने उलटं मारा, कचरा आत सुटतो आणि तोंडातून ओतता येतो.

पेट्रोलचा कॉक असेल तर तो बंद करून, नसेल तर नळी चिमट्याने दाबून मग सोडवा. तपासायचं असेल तेव्हा नळीचं कार्बोरेटरकडचं टोक बरणीत धरा. सलग धार आली तर वाट मोकळी, थेंब थेंब आलं तर जाळी किंवा नळीतला फिल्टर तुंबलेला. नळीतला फिल्टर बदलताना त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे असू द्या.

या मशीनच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते. टाकीत गाळ सापडला असेल तर वाटीतही असणारच. वाटीचा बोल्ट बहुतेक वेळा १० मिमीचा असतो. खाली भांडं धरून वाटी काढा, पुसा, गॅस्केट जागेवर ठेवून परत लावा. मोवर आडवा करावा लागला तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाही तर इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं.

जुन्या पेट्रोलचं काय

बांधावर, ओढ्यात, गटारात ओतू नका. विहिरीजवळ तर मुळीच नको, पाण्याला लागलेला वास लवकर जात नाही. चुलीत किंवा पाचट पेटवायला वापरणं म्हणजे भाजून घेण्याची तयारी. घट्ट झाकणाच्या, वर नाव लिहिलेल्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, पार्ट धुवायला ते चालतं.

पुढच्या हंगामासाठी

पेट्रोल पंधरा-वीस दिवस पुरेल इतकंच आणा. कॅन आणि जाळीचं नरसाळं पिशवीत झाकून ठेवा, खत-औषधांच्या शेजारी नको. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच, ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली, आणि ते कॅनमध्ये मिसळून, हलवून मगच टाकीत. ऑक्टोबर छाटणीनंतर मशीन महिन्याभरापेक्षा जास्त उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

धुतलेल्या टाकीवर पहिले दोन-तीन तास काम झालं की थोडं पेट्रोल पुन्हा काचेच्या बरणीत काढून बघा. त्यात काळे कण दिसले तर बूच बदलायचं राहिलंय. लाल दिसले तर कॅन अजून तोच जुना आहे.